मदत हवी आहे: २ च्या लॉगची पंधरापेक्षा जास्त दशांश स्थळे

घातांक: २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मर्सेन मूळ संख्येचे पहिले दहा अंक मला स्वतः काढायचे आहेत. घातांकाला २ च्या १० पायाच्या लॉगने (१० चा जो घात घेतला की २ मिळतात, त्याने) गुणले की अंकांची संख्या ४,१०,२४,३२० अशी बरोबर मिळते, परंतु उरलेल्या अपूर्णांकावरून सुरुवातीचे अंक ८८१६९४२ येतात आणि प्रसिद्ध झालेली संख्या तर ८८१६९४३२७५ अशी सुरू होते. तीनदा तपासले. प्रदर्शनाचा तक्ता परवा द्यायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

सातवा अंक: लॉगची किंमत कुठून घेतली आणि गुणाकार कशावर केला, हे आपण लिहिलेले नाही.

अपरिमेय: मुळात हा दशांश विस्तार कधीच संपत नाही. २ चा लॉग क/ख असता, तर १० चा क वा घात आणि २ चा ख वा घात समान झाले असते. पण पहिल्यात ५ हा अवयव आहे आणि दुसऱ्यात तो येऊच शकत नाही.

घातांक: ते मला ठाऊक आहे, माझा प्रश्न तो नाही. किंमत स्प्रेडशीटमधून ०.३०१०२९९९५६६३९८१ अशी उतरवली आणि गुणाकारही तिथेच केला. पुढे नुसती शून्ये दिसतात.

सातवा अंक: मग चूक तिथेच आहे. स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंकच दाखवते. ती शून्ये लॉगची नव्हेत. पंचवीस स्थळांपर्यंत विस्तार ०.३०१०२९९९५६६३९८११९५२१३७३८८ असा आहे. आपण सोडलेला भाग अत्यल्प असला, तरी साडेतेरा कोटींहून मोठ्या संख्येने गुणल्यावर तो आठव्या दशांश स्थळापर्यंत वर येतो आणि तेवढ्यानेच सातवा अंक बिघडतो. नऊ अंकी घातांक आणि हवे असलेले दहा अंक मिळून किमान वीस स्थळे धरावीत.

जुनी लॉगवही: यंत्राची गरजच काय? इंग्रज गणिती हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ च्या लॉगच्या कोष्टकांत चौदा स्थळे हातानेच दिली. २ चा दहावा घात १०२४, म्हणून त्यांनी १.०२४ चे सत्तेचाळीस वेळा वर्गमूळ काढले. ही रीत मुलांना दाखवलीच पाहिजे.

श्रेढी: रीत सुंदर आहे, पण चौदा स्थळे इथे पुरत नाहीत आणि परवापर्यंत सत्तेचाळीस वर्गमुळे कोण काढणार? १/३, १/(३×३³), १/(५×३⁵) अशा पदांच्या बेरजेची दुप्पट म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग (१० ऐवजी e = २.७१८… हा पाया धरलेला). पंचवीस स्थळांसाठी सुमारे पंचवीस पदे पुरतात. त्याला १० च्या नैसर्गिक लॉगने भागावे.

जुनी लॉगवही: तो १० चा नैसर्गिक लॉगही तितक्याच स्थळांपर्यंत लागेल, हे आपण सांगितले नाही.

सातवा अंक: दोघांचेही बरोबर आहे, तूर्तास पायथॉन या संगणकीय भाषेतील डेसिमल (हवे तितके अंक धरून आकडेमोड करणारी सोय) वापरून अचूकता चाळीस अंकांची ठेवावी आणि गुणाकारही त्यातच करावा, नाहीतर लांब किंमत घेऊनही उपयोग होणार नाही.

घातांक: तसे केले. अपूर्णांक ०.९४५३१८०४ असा सुरू होतो आणि दहाही अंक जुळले. ब्रिग्ज यांची वर्गमुळे तक्त्याच्या कोपऱ्यात घेतो.