गाडीच्या खालून येणारा आवाज : तुम्हाला कसा सापडला?

धरमपेठकर
आज सकाळी नागपुरात, लक्ष्मीनगरात शेजारून एक जुनी गाडी गेली. सिग्नलला थांबली की खालून खर्रर्र, निघाली की बंद. एकदम बाबांची गाडी आठवली. तिलाही अगदी हाच आवाज होता. एका गॅरेजने शॉकअप बदलले, दुसऱ्याने सस्पेंशनचं अख्खं काम सांगितलं, आवाज होता तिथेच. मग कॉटन मार्केटकडचे एक वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "उभ्या गाडीत येते का चालत्या?" उभ्या, म्हटलं. "मग सस्पेंशन कायले खोलता?" इंजिन थंड होऊ दिलं, सायलेन्सरच्या नळीवर खालून मूठ मारली आणि तोच खर्रर्र. हीट शील्डचा, म्हणजे सायलेन्सरची उष्णता अडवणारा पत्रा बोल्टपाशी गंजून सुटला होता. मोठी होज क्लिप आवळली, काम झालं.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की आवाज कुठून येतो हे शोधण्याआधी तो कधी येतो ते नीट टिपावं. ब्रेकवर, वळणावर, खड्ड्यात, उभ्या गाडीत. लिहा आपापलं, आणि शेवटी निघालं काय ते जरूर सांगा.

सक्करदऱ्याची_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. स्पीडब्रेकर हळू ओलांडताना पुढून कट् कट्. बारीक खडबडीत रस्त्यावर जास्त, गुळगुळीत रस्त्यावर काहीच नाही. लिंक रॉड, सस्पेंशनमधली जोडदांडी. मिस्त्रीने हाताने धरून हलवला तर चक्क वाजत होता. दोन्ही बाजूंचे बदलले.

भाऊ_कामठी_रोड
आपल्याकडे रबराचं आयुष्यच कमी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी दिवसभर उन्हात उभी, बुश काय अन् बूट काय, कडक होऊन तडकतेच. माझ्या गाडीत यू टर्न घेताना टकटकटक यायचं, सरळ चालली का चूप. रिमच्या आतून ग्रीस उडालेलं दिसलं तेव्हाच समजलं का एक्सलचा बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी कव्हर, फाटला. वेळेवर दिसला तर नुसता बूट अन् ग्रीस बदलून भागते. जॉइंटमध्ये धूळमाती शिरून आवाज सुरू झाला का मग जॉइंटच टाकावा लागते. टाकला.

मोसंबीवाला
भाऊ जॉइंटचे किती घेतले

भाऊ_कामठी_रोड
आता आठवत नाही राजा. पण जुना पार्ट परत मागून घे, मी नेहमी घेतो.

हिंगणा_टी_पॉइंट
माझा आवाज नव्हता, थरथर होती. शहरात ६० पर्यंत काही नाही. समृद्धीवर पहिल्यांदा गेलो, १०० च्या पुढे स्टिअरिंग नुसतं थरथरायला लागलं. शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, त्यानंतर लगेचचीच गोष्ट. वेग कमी करून वर्ध्याला उतरलो. टायरवाल्याने पाहिलं तर चाक समतोल फिरावं म्हणून रिमवर लावलेलं बॅलन्सिंगचं वजन पडलेलं. शहरात फिरताना हे कळतच नाही. १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर जायच्या आधी बॅलन्सिंग करा आणि हवा थंड टायरमध्ये भरा, माझी मनापासून विनंती आहे.

संत्रानगरी_ताई
ह्यांना रोज वाटायचं मागचा टायर घासतोय. घूंऽऽऽ असा आवाज, वेगाबरोबर वाढायचा. गिअर काढून न्यूट्रलला सोडली तरी तसाच, म्हणजे इंजिनाचा नाही. रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे नेली की वाढायचा, उजवीकडे नेली की कमी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून उजवं बेअरिंग. चाक वर उचलून फिरवलं तर हाताला खरखर लागत होती. पुढच्याच आठवड्यात चंद्रपूरला नणंदेकडे बारसं होतं, त्याच्या आधी सापडलं हे फार बरं झालं. बारसं छान झालं, नाव अन्वी ठेवलं :)

सक्करदऱ्याची_सून
किती गोड नाव ताई ❤️ अभिनंदन

मानेवाडा_रिंग_रोड
अन्वी मस्त. माझं म्हणाल तर धप धप धप, ठरावीक अंतराने, वेग वाढला की जवळ जवळ. गाडी अख्खी तपासली, काही नाही. सिमेंट रस्त्याचे सांधे! डांबरी रस्त्यावर नेली, आवाज गायब. नागपुरात राहतो तर आधी दोन्ही रस्त्यांवर चालवून बघा, मग गॅरेज गाठा.

पेंच_प्रेमी
सिल्लारीकडच्या कच्च्या रस्त्यावर अचानक कर्रर्रकिर्रर्र, दातावर दात घासल्यासारखं, लेकरं कान झाकून बसली. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये बारकी गिट्टी अडकली होती. सावकाश रिव्हर्स घेतली, पडून गेली.

निवृत्त_काका
चांगला धागा आहे. दोन गोष्टी कळकळीने सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, घोडी (जॅक स्टँड) लावा किंवा पिटवर घ्या. आणि हीट शील्ड वाजते म्हणून कापून फेकू नका. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भयंकर तापतो आणि एप्रिल-मेमध्ये आपण वाळलेल्या पाल्यावर, गवतावर सर्रास गाडी लावतो. तो पत्रा कामाचा आहे.
@धरमपेठकर, बाबांची तब्येत कशी आहे?

धरमपेठकर
बरे आहेत काका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन फाटकापर्यंत फिरतात. तुम्ही विचारल्याचं सांगतो, आनंद होईल त्यांना.

मोसंबीवाला
डिकीपण पाहा लोकहो. भाच्याला मागच्या सीटवर बसवलं अन् सांगितलं कान लावून ऐक. पाच मिनिटांत ओरडला, मामा, स्टेपनीखाली! जॅकचा स्क्रू ढिला. कार्ट्याला हल्दीरामला नेलं. चालवणारा एक अन् ऐकणारा दुसरा असला का लवकर सापडते.

नवी_ड्रायव्हर_प्रतापनगर
माझा प्रश्न आहे कुणी सांगेल का. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अंगभर हलते. पाय काढला की शांत. ब्रेकला काही नाही. बॅलन्सिंग झालंय

भाऊ_कामठी_रोड
जोर दिल्यावरच हलते ना? मग एक्सलचा आतला जॉइंट पाहायले सांग, गिअरबॉक्सकडचा. अन् इंजिनचे फाउंडेशन, म्हणजे ते टेकते ते रबरी पाय. उभ्या गाडीत एसी लावला का थरथरते का?

नवी_ड्रायव्हर_प्रतापनगर
नाही उभी असताना एकदम शांत

भाऊ_कामठी_रोड
मग आधी जॉइंट. गॅरेजमध्ये "गाडी हलते" एवढंच नको सांगू बाई, मिस्त्रीले शेजारी बसव, पुलावर ने, दाखव.

नवी_ड्रायव्हर_प्रतापनगर
शनिवारी सुट्टी आहे, नेते. निघालं ते इथे लिहीन. थँक्यू भाऊ

मोसंबीवाला
अन् जुना पार्ट मागून घेजो