दूध-तूप सोडलं, पण ताटावर पहारा नको: व्हीगन जेवण रोजचं कसं व्हावं?

माजघर

घरात चार जण. दोघांनी व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीच न घेता जेवायचं ठरवलं आहे, दोघं दूध-दही घेतात. स्वयंपाक एकच होतो. काय चालतं आणि काय नाही याची लांबलचक यादी फ्रीजवर लावली आहे आणि त्या यादीमुळेच जेवणाची मजा जाते आहे. प्रत्येक घासाला "यात काही आहे का?" हा प्रश्न. यादी काढून टाकायची आहे, पण तब्येतीचं काही सुटायला नको. नेमकं अडतं ते असं: सोयाच्या दुधाचा चहा फाटतो, शेंगदाण्याच्या दह्याला पाणी सुटतं, बी-१२ बद्दल जो तो वेगळं सांगतो, आणि सणाला गोडाचं काय करावं ते सुचत नाही. जाणकारांनी प्रमाणासकट सांगावं.

तव्यावरचं

यादी उलटी करा. काय बंद आहे ते लिहू नका, मुळातच दूध-तूप नसलेलं आपल्याकडे काय शिजतं ते लिहा. पिठलं-भाकरी, झुणका, थालीपीठ, मटकीची उसळ, डाळिंब्या, भरली वांगी, शेंगोळे, मासवडी, कुळथाचं पिठलं, शेंगदाण्याची आमटी, येसर, घावन-चटणी, आंबोळी, कांदेपोहे. यातल्या कशालाही पर्यायी पदार्थ शोधावा लागत नाही. लोणी-तूप वरून येतं, आत नसतं. म्हणजे एकाच पातेल्यातून चौघं जेवतात आणि तुपाची वाटी ज्याला हवी त्याच्या ताटाशी जाते. वेगळा स्वयंपाक करायची वेळ क्वचितच येते.

चव कुठे पडते हे मात्र आधी ओळखून ठेवा. वरणभातावरचं तूप गेलं की वरण पांचट लागतं, कारण स्निग्धपणाबरोबर खमंगपणाही जातो. त्यावर फोडणी जरा मोठी करा: चौघांच्या वरणाला २ टेबलस्पून शेंगदाणा तेल, जिरं, हिंग, ४-५ ठेचलेल्या लसूण पाकळ्या तांबूस होईपर्यंत, आणि गॅस बंद करून कढीपत्ता. किंवा भातावर एक चमचा कच्चं तीळतेल किंवा शेंगदाणा तेल आणि तिळाची चटणी. भाकरीवर तेल आणि कारळ्याची किंवा जवसाची चटणी हे तर जुनंच जेवण आहे.

पनीरच्या जागी टोफू टाकून पंजाबी भाज्या करत बसू नका, निदान सुरुवातीला तरी. नक्कल केली की जीभ तुलना करते. मासवडी खाताना ती कशाशीच तुलना करत नाही.

उकळी

चहाचं सांगतो. सोयाच्या दुधातलं प्रथिन आम्लता आणि जास्त उष्णता एकत्र आली की गोळा होतं. चहाचा कोरा अर्क थोडा आम्ल असतो, त्यात आलं आणि गूळ पडला की फाटणं ठरलेलंच. म्हणून आपली नेहमीची पद्धत, सगळं एकत्र घालून खळाखळा उकळायची, इथे चालत नाही.

दोन कपांसाठी: १ कप पाणी, ठेचलेलं आलं, साखर आणि २ चमचे चहा पावडर घालून २ मिनिटं उकळा. गाळा आणि दोनेक मिनिटं तसाच ठेवा. दुसऱ्या भांड्यात १ कप सोया दूध वाफ दिसेपर्यंतच गरम करा, उकळी नको. आता चहा दुधात ओता, बारीक धारेनं, ढवळत. दूध चहात ओतलं तर पहिले थेंब एकदम गरम, आम्ल पाण्यात पडतात आणि तिथेच कण धरतात. एवढं करूनही फाटत असेल तर दुधात सुरीच्या टोकावर मावेल इतकाच खायचा सोडा घाला. जास्त पडला तर साबणासारखी चव येते. गूळ टाळा.

उकळलेल्या चहाचीच चव हवी असेल तर काजूचं दूध घ्या. १२-१५ काजू तासभर भिजवून १ कप पाण्यात अगदी मऊ वाटायचे, गाळायची गरज नाही. हे सोयासारखं फाटत नाही, पण काजूतल्या पिष्टामुळे दाट होत जातं, म्हणून शेवटच्या एका मिनिटात घाला. घरी केलेलं ओट्सचं दूध चहात नको, तापलं की खळीसारखं बुळबुळीत होतं. विकतच्या ओट दुधात ते पिष्ट विकरानं (एन्झाइमनं) तोडलेलं असतं, त्यामुळे ते चालतं.

आणि घरच्या सोया दुधाला कच्चट वास येतो तो सोयाबीन गार पाण्यात वाटल्यामुळे. दाणा फुटला की त्यातलं एक विकर लगेच कामाला लागतं आणि वास तयार होतो. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं टाका, मग गरम पाण्यातच वाटा. मिक्सरचं झाकण गच्च लावू नका, वाफेनं उडतं. पातळ फडक्यातून गाळून साधारण ९०० मिली ते १ लिटर दूध निघतं. ते मंद आचेवर १५ मिनिटं उकळायलाच हवं, कारण कच्च्या सोयात पचनात अडथळा आणणारे घटक असतात. फेस फार येतो, दुप्पट मोठं पातेलं घ्या. चोथा थालीपिठात जातो.

विरजण

शेंगदाण्याच्या दह्याला पाणी सुटण्याची कारणं साधारण तीन: दूध पातळ, दही जास्त आंबलेलं, किंवा लागत असताना भांडं हललेलं. सगळ्यात जास्त वेळा पहिलंच असतं.

१ वाटी शेंगदाणे (१५० ग्रॅमच्या आसपास) ८ तास भिजवा. चोळून सालं पूर्ण काढा, सालं राहिली की दही तुरट होतं. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा एकही नको. शेंगदाण्याच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि ते उकळून जात नाही. आधी १ वाटी पाण्यात गंधासारखं वाटा, मग २ वाट्या पाणी घालून फडक्यातून गाळा. एकूण पाणी ३ वाट्या, चौथी घालायचा मोह टाळा. ढवळत ८-१० मिनिटं उकळा, तळाला पटकन लागतं. उकळी असतानाच १ टेबलस्पून तांदळाची पिठी गार पाण्यात कालवून घाला, पाणी धरून ठेवायचं काम ती करते.

करंगळी बुडवून सहज ठेवता येईल इतकं कोमट झालं की अर्धा चमचा साखर घाला. गाईच्या दुधात दुग्धशर्करा असते, शेंगदाण्यात नाही, म्हणून जिवाणूंना सुरुवातीला हात द्यायचा. मग आधीच्या व्हीगन दह्याचं २ चमचे विरजण. ते नसेल तर हिरव्या मिरचीची ८-१० देठं हलकेच धुऊन बुडवून ठेवा, दही लागलं की काढा. देठांवरच्या जिवाणूंनी लागलेलं पहिलं दही पातळ आणि जरा विचित्र वासाचं असतं. ते विरजण म्हणून वापरायचं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नीट लागतं. उन्हाळ्यात ६ तास पुरतात, पुण्याच्या थंडीत १०-१२. लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. गुलाबी किंवा केशरी डाग दिसला तर सगळं फेका, वरचं काढून खाऊ नका.

एक आवर्जून सांगायचं: ताकासाठी किंवा कढीसाठी दही कवडी पडेल असं लागायची गरजच नाही. २ वाट्या दही, २ वाट्या पाणी, दीड टेबलस्पून बेसन एकत्र घुसळा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा, कढी छान होते. आणि नुसती आंबट-गार चव हवी असेल त्या दिवशी सोलकढी करा: ८-१० आमसुलं अर्धा वाटी कोमट पाण्यात अर्धा तास, एका नारळाचं दूध, लसूण, मिरची, मीठ. गरम करायची नाही, त्याच दिवशी संपवायची.

हिरवंगार

बी-१२ साठी गोळ्याच घ्याव्या असं नाही. स्पिरुलिना घ्या, शिवाय इडली-डोसा आंबवलेला असतो, त्यातून मिळतं.

वाटी-चमचा

@हिरवंगार, हे दुरुस्त करणं गरजेचं आहे. स्पिरुलिनात प्रामुख्याने बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न वापरता येणारं रूप असतं. इडली-डोशाच्या पिठातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, पण आपल्या ताटातल्या वनस्पतींमधून ते पुरेसं येत नाही. बाकी सगळ्या बाबतीत सैल राहा, इथे नाही.

मोठ्या माणसाची गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण एका वेळी नैसर्गिक मार्गानं शोषलं जातं तेही तेवढंच, त्यापुढच्या डोसातला सुमारे एक टक्काच आत जातो. म्हणून रोज घेतलं तर १० मायक्रोग्रॅम पुरतं, आठवड्यातून एकदा घ्यायचं तर २००० लागतं. गोळीत बी-१२ चं सायनोकोबालामिन हे रूप स्वस्त आणि टिकाऊ. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता वर्ष-दोन वर्षं कळतही नाही. मग मुंग्या, थकवा, विसर अशी सुरू होते. फोलेट भरपूर असलं की रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

तुमच्या घरातल्या दूध घेणाऱ्या दोघांचीही तपासणी करून घ्या. शाकाहारी भारतीयांत दूध घेऊनही बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं १९९० च्या दशकापासून गावांतल्या गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला त्यातही हेच दिसलं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर शोषण आणखी घटतं. आधीच कमी निघालं, गरोदरपण असलं किंवा लहान मूल असलं तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रथिनांची मोजणी रोज करू नका, एकदा करून बघा आणि सोडून द्या. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतं. ४० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे ९, ५० ग्रॅम मटकी म्हणजे ११, तीन ज्वारीच्या भाकऱ्या म्हणजे १२, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे ७-८, २० ग्रॅम कोरड्या सोया वड्या १०. झाले ५०. चुकतं कुठे? वरण पातळ करून भात वाढवला की. डाळ पाण्यात नाही, वाटीत दिसली पाहिजे.

कॅल्शियमला नाचणी (१०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास), बिनपॉलिशचे तीळ, शेवग्याचा पाला. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा नको, लोह नीट शोषलं जाईल. जवस भाजून कुटूनच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. रोज एक टेबलस्पून पुरे. आणि स्वयंपाकात फक्त सैंधव वापरत असाल तर आयोडीन सुटतं, कारण ते बहुतेकदा आयोडीनयुक्त नसतं.

सणवार

गोडाला कोकणाकडे बघा. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खातातच. शिरवळ्यांचा रस म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ. पातोळ्या, खांतोळी, तिळगूळ, नारळ-गुळातले अळिवाचे लाडू, यात तूप नसलं तरी अडत नाही. मोदकाच्या उकडीत चमचाभर तेल, वरून दाट नारळाचं दूध. नारळीभाताला खोबरेल तेल तर शोभूनच दिसतं.

बेसनाच्या लाडवाला वासरहित खोबरेल तेल चालतं, पण ते २४ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणून मुंबईच्या उन्हाळ्यात लाडू बसतो. तुपापेक्षा पाव हिस्सा कमी तेल आणि २ वाट्या बेसनाला २ टेबलस्पून काजूची कोरडी वाटलेली पेस्ट घाला, आणि फ्रीजमध्ये ठेवा. श्रीखंड, बासुंदी, खरवस यांच्या वाटेला जाऊ नका. ते पदार्थ म्हणजे दूधच आहे.

विकतच्या गोष्टींबाबत: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही असू शकतं. व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे, हिरव्या रंगात व्ही आणि त्यावर छोटं पान. त्याचे नियम २०२२ मध्ये आले. वनस्पतीजन्य दुधाच्या पाकिटावर 'दूध' शब्द टाकायला परवानगी नाही, म्हणून दुकानात 'सोया ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' शोधा.

तव्यावरचं

बाहेर खाताना एक वाक्य पुरतं: "पोळीला तूप नको, भाजीत लोणी-मलई नको." मिसळ, वडापाव, कांदाभजी, साधा डोसा तेलावर. पावाला वरून दुधाचा हात असेल का याचा शोध घेत बसू नका. १९४४ साली इंग्लंडमध्ये 'व्हीगन' हा शब्द ज्या संस्थेनं रूढ केला, तिच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं म्हटलं आहे.

वाटी-चमचा

मान्य, पण एक अपवाद. आपल्या ताटात सैल राहा, दुसऱ्याला "हे व्हीगन आहे" म्हणून वाढताना नको. पाहुण्याला दुधाची ॲलर्जी असू शकते. तिथे पावाचं पाकीट वाचायचं आणि तुपाचा चमचा आमटीत बुडवायचा नाही.

माजघर

यादी काढली. एकच राहिलं: मिरचीच्या देठांचं पहिलं दही विरजणासाठी किती दिवस टिकतं?

विरजण

फ्रीजमध्ये घट्ट झाकणात ४-५ दिवस. त्याआधी पुन्हा लावणार नसाल तर बर्फाच्या साच्यात एकेक चमचा गोठवा. लावताना दोन तुकडे आधी वाटीत पूर्ण वितळू द्या, थेट कोमट दुधात टाकू नका, दूध गार पडतं आणि दही लागायला तीन-चार तास जास्त लागतात.