विंग-बॅक झालोय, पाठीमागची जागा नक्की कोणाची?

डावखुरा_३
फुटबॉलमध्ये सहा वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर खेळतोय. यंदा नव्या कोचने ३-४-३ (मागे चारऐवजी तीनच डिफेंडर) आणलं आणि मला विंग-बॅक केलं, म्हणजे डावी कड मागपासून पुढपर्यंत माझी. म्हणाला, ‘आता तुला रान मोकळं.’ मोकळं आहे खरं, पण सगळं मीच धावायचं! पुढे कडेने खेळणारा विंगर नाही. परवा साठाव्या मिनिटाला पोटऱ्यांत गोळे आले. दोन गोल खाल्ले, दोन्ही माझ्या पाठीमागून. चार डिफेंडर बरे चालले होते की. हे तिघांचं खूळ आलं कुठून?

जुना_स्वीपर
खूळ जुनंच आहे. १९८६ला कोच बिलार्दोच्या अर्जेंटिनाने ३-५-२वर वर्ल्ड कप नेला. २००२ला ब्राझीलकडे मागे तिघे आणि बाजूंना काफू, रॉबेर्तो कार्लोस. पुढे बहुतेक टीम एकच स्ट्रायकर खेळवू लागल्या. एकाला अडवायला तिघे कशाला? म्हणून ते मागे पडलं.

परत आलं ते बॉल मागून पास करत आणायची रीत रुजली म्हणून. समोरचे दोघे बॉल हिसकायला अंगावर आले तरी तिघांतला एक सुटा राहतो. सप्टेंबर २०१६मध्ये कोच काँतेची चेल्सी आर्सेनलकडे ०-३ हरत होती. त्याच मॅचमध्ये तो तिघांवर आला, आणि पुढच्या मॅचपासून लीगमध्ये सलग १३ जिंकला. शेवटी किताबही. त्याचा उजवा विंग-बॅक मोझेस मुळात विंगर होता. तू तर निदान डिफेंडर आहेस.

गोलपोस्ट
तीन कसले? पाच आहेत. कोच फक्त हळू आवाजात सांगतोय.

जुना_स्वीपर
विंग-बॅक मागे रेटले गेले तर पाचच, खरंय. मग बॉल मिळाला तरी पुढे द्यायला माणूस नसतो.

मधली_फळी
मूळ प्रश्न राहिलाच. तू वर असताना ती जागा डाव्या सेंटर बॅकची, म्हणजे मागच्या तिघांतल्या डाव्याची. तो बाहेर सरकतो, बाकीचे दोघे त्याच्यामागे सरकतात आणि उजवा विंग-बॅक खाली येऊन चौथा होतो. म्हणजे बॉल तुझ्या बाजूला हरवला की तुमचे चारच झाले पाहिजेत. हे सरकणं बसवलं नसेल तर तू कितीही धाव, गोल बसणारच.

दुसरं, प्रत्येक बॉलला वर जाऊ नकोस. युरो २०२०ची फायनल बघ: दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या उजव्या विंग-बॅक ट्रिपियरचा क्रॉस, आणि लांबच्या पोस्टशी डाव्या विंग-बॅक शॉचा गोल. क्रॉस उजवीकडून येणार असेल तेव्हा तू तिथे पोचायचंस. एरवी दम राख.

आणि डिफेंडरांच्या लाइनवर लक्ष. २०२५च्या चॅम्पियन्स लीग फायनलला इंटरचा दिमार्को लाइनबरोबर वर आलाच नाही, समोरच्या पीएसजीचा दुए ऑनसाइड राहिला, त्याने पास दिला आणि हाकिमीने पहिला गोल मारला. पुढे इंटर ०-५ हरली.

डावखुरा_३
आता दोन्ही गोल डोळ्यांसमोर आले. आमचा डावा सेंटर बॅक दोन्ही वेळा जागचा हलला नाही. हात दाखवून ‘तुझा माणूस, तुझा माणूस’ ओरडत होता.

मधली_फळी
डाव्या पायाचा आहे का तो?

डावखुरा_३
नाही. कोचचा भाचा आहे.