अणुवस्तुमानांक ८०, प्रभार −२: ब्रोमीन की सेलेनियम?

प्रश्न

गणित असं आहे: एका आयनाचा (प्रभार असलेल्या अणूचा) अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज, ८०, त्यावर दोन एकक ऋण प्रभार, आणि न्यूट्रॉन इलेक्ट्रॉनपेक्षा १० ने जास्त. मूलद्रव्य ओळखा. अणुअंक म्हणजे प्रोटॉनची संख्या आणि इलेक्ट्रॉनही तितकेच, म्हणून अणुअंक क्ष आणि न्यूट्रॉन क्ष + १० धरले. २क्ष + १० = ८०, क्ष = ३५, म्हणजे ब्रोमीन. आवर्तसारणीत ब्रोमीनचं अणुवस्तुमानही ७९.९० आहे, तेही जुळतं. उत्तरसूचीत मात्र सेलेनियम (३४) दिलंय. चूक नेमकी कुठे?

प्रतिसाद १

"इलेक्ट्रॉनही तितकेच" इथे. ते फक्त उदासीन अणूला लागू पडतं. अणुअंकाची व्याख्या केंद्रकातल्या प्रोटॉनपाशीच संपते, इलेक्ट्रॉन त्यात येतच नाहीत.

आयनासाठी: इलेक्ट्रॉन = अणुअंक − प्रभार, आणि प्रभार चिन्हासकट घ्यायचा. इथे क्ष − (−२) = क्ष + २. न्यूट्रॉन त्याहून १० जास्त, म्हणजे क्ष + १२. मग २क्ष + १२ = ८०, क्ष = ३४.

ताळा करून बघा. ३४ प्रोटॉन, ३६ इलेक्ट्रॉन, ४६ न्यूट्रॉन: प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज ८०, न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉनमधला फरक १०, प्रभार −२. ब्रोमीन घेतलं तर ३५ प्रोटॉन, ४५ न्यूट्रॉन, आणि दोन ऋण प्रभार असल्याने ३७ इलेक्ट्रॉन. फरक ८ येतो, तिथेच उत्तर फसतं.

आणखी एक चूक हमखास होते. ऋण प्रभार म्हणून इलेक्ट्रॉनही वजा करतात, क्ष − २ लिहितात, आणि उत्तर ३६, क्रिप्टॉन येतं. ३४, ३५, ३६ हे तिन्ही शेजारी आणि तिन्ही पूर्णांक, त्यामुळे नुसत्या उत्तराकडे बघून शंकाच येत नाही. ताळा करताना तिन्ही अटी तपासायच्या, एक नाही.

प्रश्नकर्ता

पटलं. पण ३६ इलेक्ट्रॉन झाले तर तो क्रिप्टॉनच का नाही म्हणायचा? आणि सेलेनियमसमोर ७८.९७ छापलंय, मग हे ८० कुठून आलं?

प्रतिसाद २

इलेक्ट्रॉनांची संख्या बदलणं सोपं असतं, म्हणून त्यावरून मूलद्रव्य ठरवत नाहीत. सेलेनियमच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला ९.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. केंद्रकातून प्रोटॉन काढायला काही दशलक्ष लागतात, कोणत्याही रासायनिक अभिक्रियेच्या आवाक्याबाहेर.

शिवाय ३६ इलेक्ट्रॉन असलेले सगळे कण सारखे नसतातच. स्फटिकातल्या आयनी त्रिज्या बघा: सेलेनाइड (सेलेनियमचा हाच −२ आयन) १९८ पिकोमीटर, ब्रोमाइड (ब्रोमीनचा −१ आयन) १९६, रुबिडियम आयन १५२, स्ट्रॉन्शियम आयन ११८. इलेक्ट्रॉन तेवढेच, पण प्रोटॉन ३४, ३५, ३७, ३८. केंद्रकाची ओढ वाढत जाते तसा इलेक्ट्रॉनांचा पसारा आवळला जातो.

प्रतिसाद ३

७८.९७ ही सरासरी आहे. निसर्गातल्या सेलेनियमची सहा समस्थानिके (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन वेगळे असे अणू) आहेत, त्यांचे अणुवस्तुमानांक: ७४, ७६, ७७, ७८, ८० आणि ८२. त्यात ८० चा वाटा निम्म्याच्या आसपास. सरासरी पूर्णांकात आणून ७९ घेतलं आणि ४५ न्यूट्रॉन लिहिले, तर ते किरणोत्सारी सेलेनियम-७९ झालं, या यादीत नसलेलं! ब्रोमीनचीही तीच गत: निसर्गात ७९ आणि ८१ जवळपास निम्मेनिम्म, म्हणून सरासरी ७९.९०, पण ८० त्यात नाहीच. त्यामुळे प्रश्नात अणुवस्तुमानांक दिलेला असेल तर तोच वापरायचा, सारणीतलं अणुवस्तुमान नाही.

अणुवस्तुमानावरून क्रमही लावता येत नाही. टेल्युरियम (५२) १२७.६० आणि आयोडीन (५३) १२६.९०, म्हणजे पुढचा हलका. भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीने १९१३ मध्ये मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांच्या वारंवारता मोजल्या. त्यांची वर्गमुळं अणुअंकाबरोबर एकेक पायरी चढत जातात, वस्तुमानाबरोबर नाही, हे त्यातून दिसलं.

आर्गॉन (१८, ३९.९५) आणि पोटॅशियम (१९, ३९.१०) यांची उलटापालटही अशीच, आणि तिचं कारण फार सुंदर आहे. पोटॅशियम-४० चं केंद्रक कधीकधी स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. अणुवस्तुमानांक ४० च राहतो, पण प्रोटॉन १८ झाले की तो आर्गॉन. हवेतला बहुतेक सगळा आर्गॉन असाच तयार झालेला आहे, म्हणून त्याची सरासरी ४० ला टेकलेली.