मदत हवी आहे: वडिलांसाठी डीआरएम रेडिओ घ्यावा का? (अलिबाग तालुका)

वाडीवाला

मंडळी, रेडिओतल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

आमचे अप्पा (वय ७८) चौलच्या बाजूला वाडीत राहतात. पोफळींना पाणी लावताना ट्रान्झिस्टर खुंटीला अडकवलेला, आणि त्यावर ५५८ किलोहर्ट्झवर अस्मिता वाहिनी. हल्ली खरखर इतकी वाढलीय की बातम्यांतलं अर्धं वाक्य ऐकायचं आणि अर्धं आपणच जुळवायचं. बहिणीच्या नव्या गाडीत डीआरएम (आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा रेडिओ) आहे. येताना त्यावर मुंबई आकाशवाणी लावली, तर एफएमसारखा स्वच्छ आवाज आणि स्क्रीनवर वाहिनीचं नावसुद्धा! अप्पा गाडीतून उतरेनात. आता एकच धोशा, "हाच रेडिओ मला आणून दे."

ऑनलाइन शोधलं तर डिजिटल रेडिओ म्हणून ढीगभर सेट दिसतात, पण डीआरएम नेमका कशात आहे कळत नाही. मेव्हणा लंडनला असतो, तो म्हणतो तिकडे डिजिटल रेडिओ कुठल्याही दुकानात मिळतो, येताना घेऊन येतो. आणि बाजारातला एक मोबाइलवाला सांगतो, रेडिओ कशाला, नवीन फोन घ्या, नेट नसतानाही दूरदर्शन आणि आकाशवाणी दोन्ही लागतील. वाडीत नेटची रेंज यथातथाच आहे, म्हणून ॲपचा पर्याय नको. काय करू?

लघुलहरी

सगळ्यात आधी मेव्हण्याला फोन करून थांबवा. तिकडचा सेट डॅबचा, म्हणजे डिजिटल रेडिओच्या वेगळ्याच तंत्राचा असणार. डॅब १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि आपल्याकडे त्याचं प्रक्षेपणच नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून काढून डॅबवर नेल्या, ब्रिटनमध्येही तेच तंत्र आहे. इथे आणलात तर त्यावर एफएम लागेल, बस्स. ऑनलाइन दिसणाऱ्या सेटांचीही तीच गत. बहुतेकांत डिजिटल आहेत ते फक्त पडद्यावरचे आकडे.

आकाशवाणीने डीआरएम घेतलं कारण ते जुन्याच मध्यमलहरींच्या (मीडियम वेव्ह) पट्ट्यात बसतं. एका मोठ्या प्रक्षेपकात दोनेकशे किलोमीटरचा टापू येतो, एफएमला तेवढ्यासाठी ठिकठिकाणी मनोरे लागतात. देशात ३५ च्या आसपास मध्यमलहरी प्रक्षेपक डीआरएमचे झाले. मुंबईचे मालाडला मालवणीत आहेत. तिथून तुमच्याकडे बराचसा मार्ग पाण्यावरून येतो आणि खाऱ्या पाण्यावरून मध्यमलहरी जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षीण होतात. त्या बाबतीत अप्पा नशीबवान.

गोम पुढे आहे. बऱ्याच ठिकाणी एकाच प्रक्षेपकातून जुनं आणि डिजिटल अशी दोन्ही प्रक्षेपणं शेजारीशेजारी सोडतात. अशा वेळी ताकदीचा मोठा वाटा जुन्याला जातो, डिजिटलच्या वाट्याला थोडी येते. गाडीची एरियल बाहेर, मोकळ्यावर असते म्हणून तिथे छान लागतं. घरात पत्र्याखाली किंवा जाड भिंतीआड तोच सिग्नल अपुरा पडू शकतो. साधा रेडिओ निदान खरखरत तरी बोलतो, डीआरएम सिग्नल कमी पडला की गप्पच बसतो. सुटे सेट आहेत, गॉस्पेलचा जीआर-२१६, आपल्याकडचा एव्हिऑन, पण किंमत साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट. घेणारच असाल तर त्यात एक्सएचई-एएसी (डिजिटल आवाज दाबून पाठवायची पद्धत) चालतं का ते लेखी विचारा. आधीच्या पिढीतल्या सेटांत ते नसतं, मग वाहिनीचं नाव दिसतं आणि आवाज येत नाही.

माझं स्पष्ट मत: या योजनेचं घोडं सेटपाशीच अडलंय. प्रक्षेपकांवर सरकारने पैसा ओतला, गाड्यांत कारखान्यातूनच डीआरएम येऊ लागलं, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्या श्रोत्यासाठी परवडणारा सेट काही बाजारात आला नाही.

मिठागर

फोनबद्दल मी सांगतो. दुकानदार बोलतोय ते डी२एम, म्हणजे मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर. त्याच्या चाचण्या झाल्यात, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्जचं त्यात काम आहे, १९ शहरांत चाचण्या घेण्याचं २०२४ च्या सुरुवातीला जाहीरही झालं होतं. पण नियमित सेवा नाही. शिवाय फोनमध्ये त्याची वेगळी चिप लागते. त्याला म्हणावं, दुकानातच सिम काढ, वायफाय बंद कर आणि दूरदर्शन लावून दाखव.

जुना डोंगलही कुणी गळ्यात मारेल, जपा. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत मोबाइलवर फुकट टीव्ही सुरू केला होता, त्यात आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद होती. ते डीव्हीबी-टी२ नावाचं तंत्र होतं, फोनला डोंगल लावायला लागायचा. डी२एमचं तंत्र निराळं, एटीएससी ३.०. त्याआधी २००७ मध्ये दिल्लीत तिसऱ्याच तंत्रावर प्रयोग झाला होता. दर वेळी नवा डबा आणि प्रेक्षक तिथेच.

बेलापूरची_सून

डीडी फ्री डिश बघा ना. महिन्याचं भाडं नाही आणि त्यावर आकाशवाणीच्या वाहिन्याही लागतात. माझे सासरे तेच ऐकतात.

वाडीवाला

ताई, डिश घरात आहे, पण अप्पा घरात असतात कुठे? त्यांना हातात धरून फिरवता येईल असं हवं.

ते ट्रायने शहरांतल्या एफएमला डिजिटल करायचं सुचवलंय, त्याची वाट बघावी का?

लघुलहरी

नको. ऑक्टोबर २०२५ च्या त्या शिफारशी खासगी एफएमसाठी आहेत, पहिल्या फेरीत मुंबई, पुणे, नागपूर धरून १३ शहरं. त्यात तुमची अस्मिता कुठे येते?

त्यापेक्षा आधी खरखरीचा माग काढा. ती बहुतेक घरातूनच येत असणार: एलईडी ट्यूब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. मेन स्विच बंद करा (इन्व्हर्टरही), बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर लावून ऐका, मग एकेक वस्तू चालू करत जा. चोर सापडेल. आणि ट्रान्झिस्टर उभ्या उभ्या फिरवून बघा. आतली फेराइटची कांडी आडवी असते, तिचं टोक मुंबईच्या दिशेला आलं की आवाज पडतो, म्हणून लांब बाजू मुंबईकडे करायची.

वाडीवाला

केलं. चोर विहिरीजवळचा सौर दिवा निघाला, त्याचा कंट्रोलर. खुंटी दुसऱ्या टोकाच्या पोफळीवर हलवली, आता बातम्या सलग कळतात. रात्री अजून खरखर आहेच, आणि अप्पांनी गाडीतला आवाज ऐकलाय, त्यामुळे ते ऐकायला तयार नाहीत. रायगडात कुणाकडे जीआर-२१६ असेल तर दोन दिवस वाडीत लावून बघायला मिळेल का? न्यायला मी येईन.

मिठागर

माझ्या मित्राकडे रोह्याला एक पडून आहे, त्याला विचारतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.