मदत हवी आहे: विहिरीत पडलेला क्लॅम्प काढायला कोणतं चुंबक घ्यावं? पुढे नदीवरही वापरायचंय

नमस्कार मंडळी,

राहायला आम्ही कोल्हापुरात, मळा करवीर तालुक्यात. मध्यंतरी विहिरीतली मोटार वर ओढताना मिस्त्रींच्या हातून पाइपाचा लोखंडी क्लॅम्प सुटला आणि त्याच्यामागं मोठा पाइप पानाही गेला. विहीर दगडी बांधणीची, साठेक फूट खोल. सध्या पाणी पंचवीस-तीस फूट असेल. खाली गाळ किती, ते देवालाच माहीत.

मामंजी म्हणाले, गळ टाका. टाकला. बादली असती तर कडीत आकडा अडकला असता, क्लॅम्पला अडकायला आहे काय? गळ नुसता गाळ खरवडतो आणि शेवाळ घेऊन वर येतो.

मग धाकट्या दिरांनी मॅग्नेट फिशिंगचे व्हिडिओ दाखवले. युरोपात लोक दोराला चुंबक बांधून कालव्यात सोडतात आणि सायकली, तिजोऱ्या, काय वाट्टेल ते वर काढतात. ते बघितल्यापासून माझ्या मुलानं नाद घेतलाय की विहिरीचं काम झालं की तेच चुंबक घेऊन पंचगंगेवर जायचं. म्हणजे वस्तू एक, कामं दोन.

ऑनलाइन बघायला गेले तर डोकं फिरलं. कुठं १२० किलो लिहिलंय, कुठं ५०० किलो, कुठं त्याच्याही पुढं. एका बाजूचं, दोन बाजूंचं, ३६० अंशांचं. एन ३५, एन ५२. यातलं नवख्या माणसानं काय घ्यावं? घरात जुन्या स्पीकरची दोन गोल चुंबकं पडलीत, ती एकत्र बांधून चालतील का? दोर म्हणून बैलाचा जुना कासरा चालेल का? आणि हो, फार महागात जायला नको. नव्या क्लॅम्प-पान्यापेक्षा चुंबकच महाग पडलं तर मामंजी जन्मभर ऐकवतील.

– मळ्यातली

उद्यमनगरी:

ताई, आधी स्पीकरच्या चुंबकाचं सांगतो. ते बहुतेक फेराइट, म्हणजे साधं काळं चुंबक असतं. गंजत नाही, स्वस्त असतं, पण व्हिडिओतल्या चुंबकांत असतं त्या जोरदार निओडिमियमपुढं, आकार तोच असला तरी, त्याची ताकद फारच कमी. शिवाय ठिसूळ. विहिरीच्या दगडावर आपटलं की टवका उडालाच. ती फ्रिजवर लावा.

आता किलोचा आकडा. तो खोटा नसतो, पण तो मोजतात कसा ते बघा. जाड, सपाट, घासून साफ केलेल्या लोखंडी प्लेटवर चुंबक पूर्ण टेकवायचं आणि सरळ काटकोनात ओढायचं. त्यात सुटताना जो जोर लागला तो आकडा. तुमच्या विहिरीत यातलं काय आहे? क्लॅम्प वळलेला, गंजलेला, वर गाळाचा थर. चुंबक आणि लोखंड यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचं अंतर पडलं तरी पकड भसकन खाली येते. त्यामुळं छापलेल्या आकड्याचा दहावा हिस्सा हातात धरून चाला. १५० किलोवाल्याकडून १५ किलो. तुमचा क्लॅम्प आणि पाना मिळून तेवढे भरत नसतील, म्हणजे झालंच की काम.

मग ५०० किलोवालं का नको? कारण ते चिकटलं तर सोडवणार कोण? उभ्या माणसाला हातानं तीस-चाळीस किलोच्या पुढं ओढताना कंबर धरते. विहिरीत एखादा जाड गर्डर पडलेला असला आणि त्याच्यावर ते नीट सपाट बसलं, तर क्लॅम्प खाली, पाना खाली आणि नवं कोरं चुंबकही खाली.

एन ३५, एन ५२ हा आतल्या निओडिमियमचा दर्जा. आकार तोच ठेवला तर ५२ ची ताकद ३५ च्या साधारण दीडपट. पण दुकानदार एन ५२ म्हणतो म्हणून ते ५२ असतंच असं नाही, आणि बघून कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा व्यास बघा. ६० ते ७५ मिमी व्यासाचं, लोखंडी वाटीत बसवलेलं चुंबक घ्या. ७५ मिमीवालं अर्धा-पाऊण किलो भरतं, पोराच्या हातालाही झेपेल.

बाजूचं म्हणाल तर विहिरीसाठी डोळे झाकून एका बाजूचं. वर मधोमध डोळ्याचा बोल्ट, म्हणजे दोर बांधायला गोल कडी असलेला बोल्ट, खाली तोंड. दोर सरळ खाली सोडला की तोंड आपोआप तळावर टेकतं. वाटीमुळं सगळी ताकद तोंडाकडं जाते. पाठीला आणि कडेला फारशी पकड राहत नाही. दोन बाजूंचं चुंबक पाण्यात फेकून तळावरून ओढत आणायचं असेल तेव्हा कामाचं, कारण ते कडेच्या कडीनं ओढलं जातं आणि त्याचं एक तोंड जमिनीवर आडवं राहतं. त्यांचे आकडेही नीट वाचा. कित्येक जण दोन्ही बाजूंची बेरीज छापतात, चिकटते मात्र एका वेळी एकच.

मळ्यातली:

दादा, फार नीट सांगितलंत. एक शंका. विहिरीत जुना लोखंडी पाइप अजून उभा आहे आणि उतरायला भिंतीत लोखंडी कड्या आहेत. खाली जाईपर्यंत चुंबक त्यांनाच चिकटत बसणार ना?

उद्यमनगरी:

म्हणून तर वाटीवालं म्हणतोय. कड घासली तरी हलकंच ओढ खातं, दोर झटकला की सुटतं. तोंड पाइपाला टेकू द्यायचं नाही, एवढं बघा. टेकलंच तर सरळ वर ओढू नका. दोर आडवा घेऊन घसरवा. घसरवताना लागणारा जोर सरळ उचकटण्याच्या जोरापेक्षा कितीतरी कमी असतो. आम्ही वर्कशॉपमध्येही असंच काढतो, उचकटत नाही.

आणि एक गंमत. पाण्यात लोखंडाचं वजन आठव्या हिश्श्यानं कमी असतं. वस्तू पाण्याबाहेर येते तिथंच तो आधार जातो आणि बऱ्याचदा तिथंच ती सुटते. पाण्याच्या वर जरासं दिसलं की थांबा, आणि मामंजींचा गळ त्या वेळी कामाला लावा. क्लॅम्पच्या बोल्टच्या भोकात आकडा घातला की झालं.

कळंबा रोड:

गळ हुकला तर ५०० किलोवालं चुंबक, तेही अडकलं तर क्रेन, आणि क्रेन विहिरीत पडली तर नवीन धागा काढा. 😄

शेतीवाला:

चेष्टा राहू द्या. ताई, दोन गोष्टी. पहिली, मोटार पुन्हा सोडली असेल तर आधी तिचा फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसती बंद करून चालत नाही. स्टार्टरला ऑटो स्विच असला तर लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि तुमचा दोर केबलीत गुंतलेला असतो. दुसरी, पुढंमागं मोटारच पडली तर चुंबकाच्या भरवशावर राहू नका. पाणबुडी मोटारीचं अंग बरेचदा स्टेनलेस स्टीलचं असतं आणि त्यातल्या काही प्रकारांना चुंबक धरतच नाही.

कासरा नको. उन्हापावसात झिजलेला असतो, कुठं तुटेल सांगता येत नाही. नवा ८ मिमी जाडीचा विणलेला नायलॉन घ्या. तो कोरा असताना टनभर ओढला तरी तुटत नाही. गाठीपाशी ताकद कमी होते, तरी तुम्हाला पुरून उरेल. प्लास्टिकचा रंगीत दोर स्वस्त मिळतो, पण तो तरंगतो आणि ओला झाला की हात कापतो. गाठ आठाची मारा. दोर मनगटाला किंवा कंबरेला बांधून काठावर उभं राहायचं नाही, पोरालाही राहू द्यायचं नाही.

नदीकाठ:

नदीचं मी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर किंवा कुठल्याही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापाशी चुंबक टाकू नका. पावसाळा संपला की तिथं बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालतात, ते लोखंडी असले की चुंबक त्यांनाच बसतं. खाली पाण्याला ओढ असते ती वेगळीच. पंचगंगा घाटावर जुनी मंदिरं, समाध्या आहेत. पायऱ्यांच्या दगडांत चुंबक अडकवून ओढाओढ करायची जागा नव्हे ती. रंकाळ्यावर जायचं असलं तर महापालिकेत विचारून जा. पन्हाळ्यावरच्या तळ्या-विहिरींचा विचारही नको, किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

मुलाला आधीच सांगून ठेवा की शिवराई मिळणार नाही. ती तांब्याची, चुंबकाला दाद देत नाही. सोनं, चांदी, पितळ, तेही नाही. स्टेनलेसची एक रुपयाची नाणी मात्र मिळतील. बाकी खिळे, तारा, सळ्या, विळे आणि मोटारसायकलचे भाग. आणलेला कचरा पुन्हा पाण्यात टाकायचा नाही, भंगारवाल्याला द्यायचा.

जमिनीत गाडलेला ऐवज सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पिस्तूल, काडतूस, गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि ११२ ला फोन.

मळ्यातली:

सगळ्यांचे आभार. तर ७५ मिमी, एका बाजूचं, ८ मिमी नायलॉन, असं ठरवलं. नदीसाठी दोन बाजूंचं पुढच्या वर्षी, मुलाचा नाद तोवर टिकला तर. ऑनलाइन मागवू की इथंच कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या दुकानांत बघू?

उद्यमनगरी:

उद्यमनगरात आधी फिरा. हातात घेऊन जाड प्लेटवर टेकवून बघता येतं, आणि वाटीवरचा निकेलचा मुलामा कुठं सोललाय का तेही दिसतं. सोललेल्या जागी पाणी शिरलं की निओडिमियम गंजून फुगतं. ऑनलाइन मागवलंत तर वेळ लागेल, कारण जोरदार चुंबक विमानानं पाठवायला निर्बंध आहेत, ते रस्त्यानंच येतं.

घरी आणल्यावर चुंबक आणि लोखंड यांच्या मध्ये बोट जाऊ देऊ नका, चामडी हातमोजे घालून हाताळा. मामंजींना पेसमेकर असेल तर त्यांच्या जवळही नेऊ नका. वापरून झालं की गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, हलकं तेल लावून लाकडी खोक्यात ठेवा, मोबाइल आणि बँकेच्या कार्डांपासून लांब. डोळ्याचा बोल्ट दुकानातून जसा येतो तसा वापरू नका, झटक्यांनी तो सैल होत जातो. आटे साफ करून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद लावा, घट्ट आवळा, रात्रभर सुकू द्या आणि मगच विहिरीत सोडा.

शेतीवाला:

आणि फ्यूज, ताई. फ्यूज खिशात.