होरपळलेल्या रानात पाहुण्यांना न्यावे का? बिग बेसिनच्या निमित्ताने

पॅलोअल्टोकर
"वणव्यात जळालेल्या रानात वाटाड्या घेऊन हिंडणे म्हणजे सुतकाच्या घरी तमाशा पाहायला जाणे होय, निदान वीस वर्षे तिथे माणसाने पाऊल टाकू नये," असे परवा इथे एकाने लिहिले. ते वाक्य दोन दिवस मनातून गेले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजांनी पेटलेल्या आगीत सांता क्रूझच्या डोंगरांतील बिग बेसिनचा सुमारे ९७ टक्के भाग होरपळला. १९०२ साली स्थापन झालेले हे कॅलिफोर्नियाचे सर्वांत जुने राज्य उद्यान. तिथल्या जुन्या लाकडी मुख्यालयाच्या पायऱ्यांवर बसून माझी मुले डबा खात असत. ते मुख्यालयही राहिले नाही. ते रान संपले, असे मी मुलांना सांगून टाकले होते.

जुलै २०२२ मध्ये उद्यान मर्यादित लोकांसाठी उघडले. पहिल्या खेपेस आम्ही आमचे आम्हीच गेलो आणि काळे खांब पाहून खिन्न मनाने परतलो. दुसऱ्या खेपेस मार्गदर्शक बाईंबरोबर गेलो. कोळशासारख्या बुंध्यावर खालपासून वरपर्यंत जी हिरवी लव दिसत होती, ती वेल नसून त्या झाडाचीच नवी पालवी आहे, हे त्यांनी दाखवले. रेडवूड या तिथल्या अतिउंच वृक्षाची साल फूटभर जाड असू शकते, तिच्यात राळ जवळजवळ नसते आणि तिच्याखाली शेकडो वर्षे निजलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. शेजारचे डग्लस फर मात्र बहुतेक मेले होते, आणि त्यांपैकी कोणती झाडे वाटेवर कोसळू शकतात, हेही त्यांनीच सांगितले. मी मुलांना चुकीचे सांगितले होते, हे मला त्या दिवशी कळले. हा तमाशा कसा, ते सांगावे.

सत्तरीकर
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

डब्याचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून तिथूनच आरंभ करतो. मार्बल्ड मर्लेट नावाचा समुद्रपक्षी जुन्या रेडवूडच्या जाड, शेवाळलेल्या फांदीवर अंडे घालतो. उत्तर अमेरिकेतील त्याचे पहिले ज्ञात घरटे १९७४ साली याच बिग बेसिनमध्ये सापडले. पाहुण्यांच्या डब्यातून सांडलेल्या अन्नावर स्टेलर जे पक्षी पोसतात आणि तेच पुढे मर्लेटची अंडी खातात. म्हणूनच तिथे अन्नाचा कणही सांडू नका, असे वणव्याच्या आधीपासून बजावले जात होते. जुन्या फांद्या जळून गेल्यावर उरलेल्या मोजक्या झाडांखाली पुन्हा माणसे न्यायची, याला मी दुसरे काय म्हणू?

माझा खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीवर आहे. तुमची हिरव्या लवेची छायाचित्रे इकडे येतात आणि आमचे नातेवाईक म्हणतात, "बघ, आग लागली तरी रान परत येते." मार्च २०२३ मध्ये आमच्या गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा आम्ही ओल्या फांद्यांनी रात्रभर आग झोडपत होतो. आमच्या सदाहरित झाडांची साल पातळ असते. ती बुंध्यातून अशी फुटत नाहीत. आमच्या उतारावर पहिल्या पावसानंतर आली ती रानमोडी, म्हणजे बाहेरून येऊन माजलेले तण. आणि आमच्याकडचे वणवे विजांनी लागत नाहीत, माणसे लावतात.

वनस्पतीवेडी
मर्लेटचा मुद्दा सत्तरीकरांचा पूर्णपणे बरोबर आहे आणि पातळ सालीचाही. वीस वर्षांचा आग्रह मात्र मला पटत नाही, कारण सांगण्यासारखे पुष्कळसे पहिल्या काही वर्षांतच घडते. सियानोथसचे बी आगीच्या उष्णतेने जागे होते आणि उघडे पडलेले उतार त्याच्या झुडपांनी भरून जातात. रेडवूडची सावली पुन्हा दाटली की ती झुडपे मागे हटतात. बिग बेसिनच्या रेडवूडवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की काही कोंबांनी झाडाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी साठवलेली साखर वापरली होती. हे कोंबांपुढे उभे राहून ऐकणे आणि घरी वाचणे यांत फार अंतर आहे.

मावळातला
"माणसे लावतात." हे वाक्य ऐकत आमच्या तीन पिढ्या गेल्या. कोणती माणसे, तेही एकदा स्पष्ट लिहा. आम्ही भातासाठी राब भाजतो, म्हणजे रोपे करायची जागा भाजून तयार करतो. कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), शेण आणि वर माती असे थर देऊन, भोवतीचे गवत काढून, वारा पडला की पेटवतो. माझ्या आजोबांना एकदा दिवसभर चौकीत बसवून ठेवले होते. त्या दिवशी रान पेटले ते पठाराच्या दुसऱ्या अंगाला, जिथे आदल्या रात्री शहरातून आलेल्यांचे तंबू होते आणि शेकोट्या होत्या. तंबूवाल्यांना कोणी विचारलेही नाही. त्यामुळे जंगलात पाहुणे न्यावेत की नाही, यावर माझे मत विचाराल तर ते सत्तरीकरांच्याच बाजूचे आहे. पण त्यांनी दिलेले कारण मला अपमानास्पद वाटते.

सत्तरीकर
राब आणि वणवा एकच, असे मी कुठे लिहिले? नसलेला आरोप माझ्या तोंडी घालू नका. मी माझ्या घरचे लिहितो आहे. माझ्या सख्ख्या चुलत्याने काजूची बाग साफ करताना पेटवलेला पाला डोंगरात चढला आणि आठ दिवस विझला नाही. त्यांच्या जिभेवरही तुमचेच शब्द होते, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच करतो आहोत.

मावळातला
तुमच्या चुलत्यांनी भर वाऱ्यात आग लावली असेल, तर ती चूक त्यांची आहे, पिढ्यांची नव्हे. जाणता माणूस वारा पाहतो, आग अडवायला रेषा काढतो आणि विझेपर्यंत उठत नाही.

पॅलोअल्टोकर
हाच विषय आमच्या मार्गदर्शक बाईंनी काढला होता, म्हणून पुन्हा लिहितो. तिथले आमा मुत्सुन हे आदिवासी लोक आणि त्यांचे शेजारी गवताळ माळ मोकळे राखण्यासाठी आणि दाणे-मुळांसाठी मुद्दाम, हंगाम पाहून लहान आगी लावत. आधी त्यांना स्पॅनिश धर्मप्रचारकांच्या मिशनांत नेले गेले आणि पुढे १८५० च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने माळ पेटवणाऱ्यांना शिक्षा ठरवली. नंतर लागलेली प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले आणि झाडांखाली इंधन साचत गेले. आज त्याच लोकांचे वंशज त्या किनाऱ्यावर पुन्हा जाळ घालण्याचे ज्ञान वापरत आहेत. एकट्याने फिरताना मला त्या काळ्या खांबांत यातले काहीही दिसले नव्हते.

डब्याबद्दल सत्तरीकरांचे म्हणणे मला लागले. ते खरे आहे, म्हणूनच लागले.

वनस्पतीवेडी
एक भर घालते. या बाईंनी त्याच फेरीत "हे रेडवूडचे आहे, सगळ्या जंगलांचे नाही," एवढे एक वाक्य उच्चारले असते, तर सत्तरीकरांच्या नातेवाइकांचा गैरसमज टळला असता. फेरी घेणाऱ्याची ती जबाबदारी मला झाडे ओळखण्याइतकीच मोठी वाटते.

सत्तरीकर
वीस वर्षांचा आकडा मी रागात लिहिला होता, तो सोडतो. मर्लेटच्या विणीच्या महिन्यांत जुन्या झाडांखाली फेऱ्या नकोत, खाणे बरोबर नको आणि वाट सोडणे नको, एवढे मान्य असेल तर मोजक्या माणसांना न्यावे. आमच्या म्हादईच्या जळक्या उतारावर मात्र मी अजून कोणाला नेणार नाही. तिथे दाखवायला फक्त रानमोडी आहे.

मावळातला
मग रानमोडीच दाखवा. शेकोट्या करणाऱ्यांना तीच दाखवायला हवी. आणि आमच्याकडे यंदाही मार्चअखेरीस राब भाजायचा आहे. सकाळी लवकर या, वारा उठायच्या आत. चुलत्यांनाही बरोबर आणा.